कारखान्यासाठी एआयकडून टूल बनवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशोब बघतो. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटर येतो तो टॅली आणि एक्सेलपुरता. तरी गेल्या दोन वर्षांत आमच्या आणि ओळखीच्यांच्या कारखान्यांत मिळून नऊ टूल्स मी एआयकडून लिहून घेतली. त्यातली सहा रोज चालतात, दोन कोणी वापरेना म्हणून पडून आहेत, एक मीच बंद केलं. ते का, हे खाली येईलच. तेव्हापासून चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, सीएच्या ऑफिसातल्या बाकावर लोक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

टूल म्हणजे इथे कारखान्याच्या आत वापरायची गोष्ट. रंगाईला गेलेल्या सुताचा माग, तयार मालाचं रजिस्टर, नगावरची मजुरी, उधारीची यादी, असलं काही. गिऱ्हाइकाला विकायच्या सॉफ्टवेअरबद्दल मला विचारू नका.

एआय सॉफ्टवेअर लिहितो म्हणजे नेमकं काय करतो?

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, यांतल्या कोणालाही साध्या भाषेत काम सांगायचं, तो कोड लिहून देतो. तो कोड तुम्ही उचलून गूगल शीटमध्ये किंवा फाइलमध्ये टाकता. दुसऱ्या जातीची साधनं, उदाहरणार्थ क्लॉड कोड किंवा कर्सर, तुमच्या संगणकावरच काम करतात. फायली स्वतः लिहितात, चालवून बघतात, अडलं की दुरुस्त करतात. सुरुवात पहिल्या जातीने करा.

आंद्रे कार्पथी या संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला. कोडकडे बघायचंच नाही, नुसतं सांगत जायचं आणि येईल ते चालवायचं. पण त्याने स्वतःच हे शनिवार-रविवारच्या हौशी कामांच्या संदर्भात म्हटलं होतं. मजुरीचं रजिस्टर हे हौशी काम नाही.

मला कोडिंग येत नाही. जमेल का?

जमेल, पण तुम्हाला तुमचं काम आलं पाहिजे. ज्याला रजिस्टर हाताने लिहिता येत नाही त्याने त्याचं टूल करायला बसू नये. कोड वाचता आला नाही तरी चालतं. एका चलनाचा (मालाबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीचा) हिशोब कागदावर मांडून तो पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघता आला पाहिजे, एवढीच अट.

टॅली आहे की ओ! मग हे कशाला?

टॅली राहू द्या. खातेवही, जीएसटी, ताळेबंद हे सगळं तिथेच. कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणं बंधनकारक आहे. तुमच्या घरच्या टूलमध्ये ते कोण सांभाळणार?

टूल लागतं ते टॅलीच्या अलीकडच्या कामाला. कुठल्या लूमवर (यंत्रमागावर) कोणता बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढलाय, कुठल्या रंगाचं सूत कोणाकडे अडकलंय, शिलाईला दिलेल्या टॉवेलांपैकी किती परत आले, हे आज एक तर वहीत आहे नाही तर कोणाच्या तरी डोक्यात. तयार झालेले आकडे एक्सेलमधून टॅलीत चढवता येतात, त्यासाठी लागणारा साचाही एआय लिहून देतो. आधी मात्र टॅलीच्या डेटाची प्रत काढा, आणि पहिले आठ दिवस डमी कंपनीतच चढवून बघा.

पहिलं टूल कशाचं करावं?

बहुतेक जण मजुरीपासून सुरू करायला बघतात, कारण डोकेदुखी तिथे जास्त. नेमकं तेच करू नका. मजुरीत चूक झाली तर शनिवारी दारात पन्नास माणसं उभी राहतात, आणि त्यांचा रागही रास्त असतो.

चुकलं तर फक्त तुम्हालाच लाज वाटेल, असं काहीतरी निवडा. माझी कसोटी साधी आहे. दिवसातून पाच वेळा कोणीतरी येऊन ‘तेवढं बघून सांगा’ म्हणतं, ते रजिस्टर पहिलं. आमच्याकडे ते रंगाईचं होतं. मालक विचारणार, मास्तर विचारणार, पार्टीचा फोन आला की सेल्सवाला विचारणार: मरून रंगाचं सूत आलं का? आणि मी दर वेळी वही उघडून बोट फिरवणार.

शिवाय या रजिस्टराला कायद्याचंही एक टोक आहे. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर पाठवल्या दिवशीच तो पुरवठा झाला असं धरतात. दहा महिने उलटलेली चलनं लाल रंगात दाखव, हे एक वाक्य एआयला सांगितलं आणि आमच्या सीएंनी पहिल्यांदा माझ्या टूलची विचारपूस केली.

एआयला काम सांगायचं कसं?

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझं पहिलं टूल इथेच फसलं.

मी लिहिलं होतं: ‘रंगाईला गेलेलं सूत आणि आलेलं सूत नोंदवायला फॉर्म कर, आणि कोणाकडे किती बाकी आहे ते दाखव.’ अर्ध्या तासात फॉर्म तयार, रंगीत बटणं वगैरे. मी खूश, मालक खूश. २०० किलो कच्चं सूत गेलं, १९१ किलो रंगून आलं. टूलने बाकी दाखवली ९ किलो. पुढच्या चलनावर ७, त्याच्या पुढच्यावर १०. तीन महिन्यांनी यादीत डाईंगवाल्याच्या नावावर ४११ किलो सूत उभं होतं.

मालकांनी यादी पाहिली आणि मला न विचारताच फोन लावला. समोरून एवढंच आलं: “ह्यो आकडा कुठनं आला ओ?” पंचवीस वर्षांचा व्यवहार. तो माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वह्या घेऊन ऑफिसात आला, बसला, पाणीही प्यायला नाही.

सूत रंगवण्याआधी उकळून धुतात. त्यात कापसाचं नैसर्गिक मेण आणि घाण निघून जाते आणि वजन उतरतं. याला घट म्हणतात, आणि आमची बोली पाच टक्क्यांपर्यंतची आहे. हे मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, कारखान्यातल्या हमालालाही माहीत होतं. एआयला माहीत नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने वजाबाकी केली, आणि वजाबाकी अगदी बरोबर होती.

दुसऱ्यांदा मी असं लिहिलं:

‘मी सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात हिशोब बघतो. कच्चं सूत रंगाईला जातं. एका चलनावर तीन-चार रंग असतात. माल एकदम येत नाही, दोन-तीन खेपांत येतो. येणारं वजन कमीच असतं, त्याला घट म्हणतात. पाच टक्क्यांपर्यंत घट चालते, त्यावर गेली तर मला दाखव. चलन पूर्ण झालं की नाही हे माणूस ठरवेल, तू ठरवू नकोस. कोड लगेच लिहू नकोस. आधी तुला जे समजलं नाही ते मला विचार.’

शेवटची दोन वाक्यं सोन्याची आहेत. त्याने मला चौदा प्रश्न विचारले. अकरांची उत्तरं मी बसल्या जागी दिली. तीन प्रश्नांसाठी आमच्या जुन्या दिवाणजींकडे, अण्णांकडे जावं लागलं. त्यातला एक असा: रंग बिघडला म्हणून परत पाठवलेलं सूत जुन्या चलनावर धरायचं की नव्या? अण्णांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “रंगावर अवलंबून आहे. काळा करून घ्यायचा असला तर नवं, तोच रंग सुधारून पाहिजे असला तर जुनं.” तीस वर्षं हा नियम चालू आहे आणि कुठल्याही कागदावर नव्हता.

तेव्हा टूल करायला बसण्याआधी तुमच्या अण्णांबरोबर दोन दुपारी घालवा. चहा तुमच्याकडून.

मराठीत विचारलं तर चालतं का?

चालतं. मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं तरी चालतं. धंद्यातल्या शब्दांची मात्र खात्री धरू नका. ‘कांडी’, ‘बीम’, ‘घट’, ‘लडी’ हे शब्द त्याला पुस्तकी अर्थाने माहीत असतात किंवा अजिबात नसतात. सुरुवातीलाच दहा-पंधरा शब्दांची यादी करून द्या आणि प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ लिहा. तीच यादी पुढच्या प्रत्येक टूलला उपयोगी पडते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लूमवरचे बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मी एकदा हौसेने सगळ्या बटणांवर तेलुगू मजकूर टाकून घेतला. आमच्या जॉबरने (लूमवरच्या मुकादमाने) तो वाचला आणि हसत सुटला. म्हणे, असं तर आमच्याकडे लग्नपत्रिकेतसुद्धा लिहीत नाहीत. भाषा कोणतीही असो, ती रोज बोलणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पडद्यावर टाकू नका. आता आमच्या पडद्यावर मोठे आकडे, रंगाचे चौकोन आणि चार मराठी शब्द आहेत. सगळ्यांचं भागतं.

जुना डेटा मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो घेता येईल का?

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुम्हाला मराठी दिसतो, पण फाइलच्या आत भलतीच अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो इतकंच. एआयला ती फाइल दिली तर त्याला नुसता कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आणि नावं! एकाने ‘सिद्धेश्वर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘सिध्देश्वर’. आपल्याला एकच माणूस, कॉम्प्युटरला दोन. आमच्या यादीत एकच पार्टी पाच रूपांत सापडली. नावावर काहीही जोडू नका. प्रत्येक पार्टीला, प्रत्येक कामगाराला एक नंबर द्या.

गूगल शीट पुरेल की खरा प्रोग्राम पाहिजे?

चार-पाच माणसं आणि दिवसाला शे-दीडशे नोंदी असतील तर शीट पुरते. एका शीटच्या फाइलमध्ये १ कोटी खाने मावतात, तेवढे भरायला तुम्हाला बरीच वर्षं लागतील. त्याआधी ती मंद होते, ते वेगळं. शीटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामला ॲप्स स्क्रिप्ट म्हणतात. तो एका दमात जास्तीत जास्त ६ मिनिटं चालतो. महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट मध्येच तुटायला लागला की समजा शीटचे दिवस भरले.

पुढची पायरी म्हणजे ऑफिसातल्याच एका संगणकावर छोटा प्रोग्राम आणि एसक्यूलाइटचा डेटाबेस. अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये असतो, म्हणून प्रत काढायला सोपा. बाकीचे लोक त्याच वायफायवरून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतात. इंटरनेट गेलं तरी हे चालू राहतं. वीज जाते तेव्हा मात्र राउटरलाही यूपीएस पाहिजे, नुसत्या कॉम्प्युटरला असून भागत नाही. आणि वही? ती टेबलावरच राहू द्या.

आकडे बरोबर टाकले तरी डझनाचा हिशोब का चुकतो?

टॉवेल डझनावर जातात. पॅकिंगवाला बारा डझन सहा नग हे ‘१२.६’ असं टाकतो, क्रिकेटच्या ओव्हर लिहितात तसं. कॉम्प्युटर त्याला दशांश समजून १२ ने गुणतो आणि १५१.२ नग काढतो. खरे नग १५०. दोन दशांश नग कसला टॉवेल? हातरुमालसुद्धा होत नाही.

पण अशी चूक निदान दिसते. पुढची दिसत नाही. बारा डझन दहा नग म्हणून त्याने ‘१२.१०’ टाकलं. कॉम्प्युटरच्या लेखी १२.१० आणि १२.१ एकच. त्याने १४५.२ धरले, खरे होते १५४. एका नोंदीत जवळजवळ नऊ टॉवेल गायब. महिनाअखेरीला गोदामात माल जास्त, कागदावर कमी, आणि मी वॉचमनकडे संशयाने बघतोय!

उपाय एकदम साधा. दोन खाने करा, एक डझनाचा, एक नगाचा. नगाच्या खान्यात ११ च्या वर आकडा घेऊच नये. आत साठवायचं ते फक्त नगांत. डझन हे नुसतं दाखवण्यापुरतं. एआयला हे सांगितलं की दोन मिनिटांत करून देतो, पण सांगावं लागतं.

पैशांचंही तसंच. कॉम्प्युटरमधल्या साध्या दशांशात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, शेवटी कुठेतरी बारीक शेपूट राहतं. म्हणून रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात साठव असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. तारखेचं पण बघा. शीटची सेटिंग अमेरिकेची राहिली तर ०५/०४ म्हणजे ४ मे होतो, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत.

एआय चुकीची माहिती देतो का?

देतो, आणि ठामपणे देतो. टॉवेल-चादरीसारख्या तयार कापडी मालावर आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. ज्या एआयचं शिक्षण त्याआधीच्या मजकुरावर झालंय तो निवांत जुना दर लिहून मोकळा होतो. माझ्या एका मित्राच्या कोटेशनच्या टूलमध्ये असंच झालं. पार्टीने भाव मान्य केला, बिल करताना टॅलीने वेगळा कर लावला, आणि फरक कोणी भरायचा म्हणून वाद.

दर कोडमध्ये लिहूच देऊ नका. दरांचा वेगळा तक्ता ठेवा: माल, दर, कोणत्या तारखेपासून लागू. बिलाच्या तारखेवरून टूलने दर उचलायचा. मग ऑगस्ट २०२५ चं जुनं बिल आज काढलं तरी त्यावर जुनाच दर येतो, तसाच यायलाही पाहिजे. कराचा दर तपासायचा तो सीएकडून किंवा सरकारी अधिसूचनेतून. एआयला विचारून नाही.

आपला डेटा बाहेर जातो का?

तुम्ही चॅटमध्ये टाकाल ते त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. फुकटच्या आणि वैयक्तिक खात्यांवरचा मजकूर पुढच्या मॉडेलच्या शिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. करा, आत्ताच करा. ऑफिससाठीच्या खात्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खरा डेटा देण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. एआयला रकान्यांची नावं आणि खोट्या वीस ओळी पुरतात. कामगार १, कामगार २, पार्टी अ, पार्टी ब. कामगारांचे आधार नंबर, बँक खाती, पार्टीचे भाव, यांतलं काहीही चॅटमध्ये टाकू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कामगारांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, कोड कोणीही लिहिलेला असो.

खरी गळती मात्र एआयमुळे होताना मी अजून पाहिलेली नाही. मी पाहिली ती ‘लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल’ अशा ठेवलेल्या शीटमुळे. ती लिंक पॅकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. ग्रुपमध्ये सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यात गेलेला माणूस अजून होता, आणि शीटमध्ये सगळ्या पार्ट्यांचे भाव होते. पुढचं सांगत नाही.

मजुरीचं टूल मग करायचंच नाही का?

करा, पण तिसरं किंवा चौथं. मी बंद केलेलं टूल मजुरीचंच होतं.

आमच्याकडे नगावर मजुरी. टूलने आठवड्याचे आकडे काढले, बेरीज एकूण उत्पादनाशी जुळली, मी समाधानी. दुसऱ्या आठवड्यात एक जुना विणकर खिशातली छोटी डायरी घेऊन आला. त्यात त्याने रोजचे नग पेन्सिलीने लिहिलेले होते. त्याच्या हिशोबाने ११ नग कमी आले होते. मी म्हटलं, मामा, कॉम्प्युटरमधली बेरीज जुळली आहे. तो काही बोलला नाही, डायरी टेबलावर ठेवून उभा राहिला.

बरोबर तोच होता. रात्रपाळीत बारा वाजल्यानंतर उतरवलेला माल टूल दुसऱ्या तारखेला धरत होतं, आणि दुसऱ्या तारखेला त्या लूमवर दुसरा माणूस होता. एकूण बेरीज जुळणारच, नग फक्त एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेले होते. दोन आठवड्यांचा फरक काढला तर सात जणांचे पैसे कमी-जास्त झालेले. ज्यांना कमी गेले त्यांना दिले. ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडून मागितले नाहीत, तेवढं मालकांनी ऐकलं.

आता नव्याने केलंय आणि तीन महिने वहीच्या बरोबरीने चालवतोय. पैसे वहीप्रमाणेच देतो. प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, तारीख, पाळी, लूम नंबर आणि नग लिहिलेली, म्हणजे ज्याला आपल्या डायरीशी ताडायचं त्याला ताडता येतं. नुसता शेवटचा आकडा छापणारी चिठ्ठी कामगाराच्या काही कामाची नाही.

खर्च किती येतो?

फुकटच्या खात्यावर पहिलं टूल होतं. रोज काम करायला लागलात तर महिना २० डॉलरच्या आसपासची खाती आहेत, भारतात त्याहून स्वस्त प्लॅनही मिळतात. खरा खर्च वेळेचा. माझ्या पहिल्या टूलचा कोड अर्ध्या तासात झाला, टूल नीट उभं राहायला कित्येक महिने लागले. मालकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून ‘झालं का?’ सुरू होतं.

भाच्याने करून दिलं, आता तो पुण्याला गेला. काय करू?

सोलापुरातला हा सगळ्यात जुना आजार. हुशार पोरगं एक दिवस सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडतं, आणि मागे एक लॅपटॉप राहतो ज्याचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो.

खातं कारखान्याच्या ईमेलवर उघडा, भाच्याच्या नाही. कोडची प्रत दोन ठिकाणी ठेवा. एआयकडूनच साध्या मराठीत ‘आधी हे वाचा’ अशी फाइल लिहून घ्या: टूल कुठे आहे, कसं सुरू करायचं, कुठली गोष्ट कुठे साठते, बंद पडलं तर पहिलं काय बघायचं. मग ती फाइल देऊन ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाला टूल बंद करून पुन्हा सुरू करायला लावा. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. जिथे तो अडेल तिथे फाइलमध्ये ओळ वाढवा.

भाचा गेलेलाच असेल तर अजूनही मार्ग आहे. त्या लॅपटॉपमधला कोड एआयला दाखवून ‘हे काय करतं ते समजावून सांग’ म्हणा. दुसऱ्याचा कोड वाचण्यात ही यंत्रं खरोखर चांगली आहेत. फक्त दाखवण्याआधी त्यातले पासवर्ड काढून टाका. आमच्या भाच्यांना ते कोडमध्येच लिहायची भारी खोड असते.

बॅकअपचं काय?

रोज रात्री आपोआप एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आठवड्याला एक कारखान्याबाहेर. महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

कुठलं काम एआयकडून घरी करू नये?

जिथे बाहेरची माणसं इंटरनेटवरून लॉगिन करणार, जिथे ऑनलाइन पैसे घेतले जाणार, आणि ई-इन्व्हॉइस. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर आहेत, तिथे प्रयोग करून काय मिळवणार? पैसे देऊन जाणकार इंजिनिअर घ्या. घरी केलेलं छोटं टूल त्याच्यासमोर ठेवलं तर त्याला तुमचं काम लवकर कळतं, तेवढा फायदा होतो.

आमच्या दिवाणजींची नोकरी जाईल का?

हा प्रश्न मालक कधीच विचारत नाहीत. दिवाणजी विचारतात, तेही इतर सगळे गेल्यावर.

जाणार नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नुसती वहीवरून वहीत नक्कल करण्याचं काम उरणार नाही, ते आमच्याकडेही उरलं नाही. एक पोरगा त्या कामावर होता, तो आता गोदामाची मोजदाद करतो, पगार तोच. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात त्याला घरी पाठवलं असतं, हेही मला माहीत आहे. अण्णांचं मात्र वेगळं झालं. पूर्वी त्यांना वही लिहिणारे समजत, आता टूलमध्ये कुठला नियम घालायचा यावर त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यांना मोबाइलवर टाइप करता येत नाही. ते बोलतात, मी लिहितो, आणि कागदावर त्यांची सही घेतो. सहीचा आग्रह त्यांचाच.

सुरू कधी करावं?

मार्चमध्ये नाही, दिवाळीच्या बोनसच्या वेळी नाही, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात तर नाहीच. निम्मा कारखाना सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी असतो, नोंदी कोण करणार? १ एप्रिलची तारीख सगळ्यांना मोहात पाडते, पण तेव्हा तुमचं डोकं वर्षअखेरीत अडकलेलं असतं. आम्ही जुलैमध्ये केलं. शनिवारी दुपारी लूम थांबल्यावर गोदाम मोजलं, रंगाईवाल्यांकडचा माल त्यांच्या वहीशी जुळवून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि संध्याकाळी तोच आकडा ओपनिंग (सुरुवातीची शिल्लक) म्हणून टाकला. सोमवारी सकाळी पहिलं चलन अण्णांनी स्वतः सांगितलं: ब्याऐंशी किलो, रंग मरून.